उपनगरात पेठ वसवायची तर

(दृश्य: महाद्वार रोड, सकाळ. शटर उघडताहेत.)

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिम दरवाज्यातून बाहेर पडलं की महाद्वार रोड. दुकानं अंगाला अंग लावून उभी. तीन-चार मीटरला एक दार, मध्ये कुंपण नाही, वर माडीवर बिऱ्हाड. आडवं वळलं की गुजरी, सराफांची पेठ. इथं गर्दी आहे, गैरसोयही आहे, तरी माणूस पायीच फिरतो, कारण दर चार-पाच पावलांवर नवं काही दिसतं.

(दृश्य: पाचगावचा रस्ता.)

पाचगाव, कळंबा, उचगाव ही शहराची उपनगरं. घरं नवी, पण दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. दुकानांपुढं सोडलेलं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि रस्ता यांच्यामधली मोकळी जागा, बघता बघता पार्किंग होतं. गाड्या फुटपाथवरून चढ-उतार करतात आणि चालणारा डांबरावर येतो. म्हणून इमारतीची पुढची रेषा आधी ठरवावी: सगळी दुकानं फुटपाथला भिडलेली, पार्किंग मागं, तिथं जायला मागची गल्ली. हे सगळं रेखांकन, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा नकाशा, मंजूर होतानाच बसवावं लागतं. बांधकामं झाल्यावर ती गल्ली कुठून काढणार?

15 मीटरच्या रस्त्याचा हिशेब असा: मध्ये 6 मीटर वाहनांना, दोन्ही बाजूंना 2.5-2.5 मीटर फुटपाथ, आणि प्रत्येक बाजूला वाहनांची जागा आणि फुटपाथ यांच्यामध्ये 2 मीटरचा पट्टा. या पट्ट्यात आळीपाळीनं झाड, दुचाक्या, भाजीवाल्या मावशींची जागा. 2014 च्या कायद्यानं फेरीवाल्यांना हक्क दिला आहे. त्यांची जागा नकाशातच आखली नाही, तर त्या फुटपाथवर बसणारच. चौकात कोपऱ्याची वळणं आखूड ठेवावीत, म्हणजे गाडीचा वेग आपोआप उतरतो.

जमिनीखालचं काम आधी: ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबलचे पाइप, मग फुटपाथ. उलटं केलं की नवे ब्लॉक उकरले जातात आणि पुन्हा कधीच सारखे बसत नाहीत. फुटपाथला गटारीकडं उतार द्यावा, 2.5 मीटरला 5 सेंटिमीटर.

(दृश्य: दुकानाची पायरी, अगदी जवळून.)

ही पायरी बघा. आधी ती उंबऱ्याच्या आत होती. डांबराचे थर एकावर एक चढले, रस्ता वर आला, पाणी दुकानात शिरू लागलं. मालकानं जोतं उचललं आणि पायरी फुटपाथवर आली. चूक मालकाची नाही. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडायला हवा होता.

आणखी एक गोष्ट. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारासाठी. पेठेला कारण लागतं. उपनगरात ते कारण मंडई, बस थांबा, तालीम असू शकतं. म्हणून पहिला तुकडा मंडई ते बस थांबा, अडीचशे मीटरचाच घ्यावा. पहिल्या पावसात छत्री घेऊन तो चालून बघावा. पाणी जिथं थबकेल तिथले ब्लॉक उघडीप मिळताच उचलून खालची वाळू सारखी करावी, दिवाळीपर्यंत थांबू नये.