डोळा लागता लागता

श्रोतेहो, नमस्कार.

अंथरुणाला पाठ टेकली, दिवा मालवला, विचार सैल पडत चालले, आणि पायरी चुकल्यासारखं होऊन अख्खं अंग उडालं. शेजारून प्रश्न येतो, "काय झालं गं?" "काही नाही, दचकले." सकाळपर्यंत विसरायलाही होतं. कुणाला अशा वेळी कानाशी आपल्या नावाची स्पष्ट हाक ऐकू येते. कुणाचे हात उशीएवढे सुजल्यासारखे वाटतात, कुणाला पलंग होडीसारखा डुलतोय असं वाटतं. डोळा लागण्याआधीची ही चार-पाच मिनिटं आज आपला विषय आहे.

मराठीत या अवस्थेला पेंग, गुंगी, तंद्री असे शब्द आहेत. मान पडली की डुलकी. झोपेच्या प्रयोगशाळेत मात्र तिला एन-१ असं रुक्ष नाव आहे. रात्रभराच्या झोपेत तिचा वाटा साधारण ५ टक्के, आणि एका वेळी ती १ ते ७ मिनिटं टिकते. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसाच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, सेकंदाला ८ ते १३ लहरी दिसतात, त्या अल्फा. पेंग आली की त्या विरतात आणि ४ ते ७ वेगाच्या थीटा लहरी येतात. बुबुळं पापण्यांखाली संथपणे या कडेकडून त्या कडेला फिरू लागतात. या क्षणी हलवून उठवलं तर बरेच जण ठणकावून सांगतात, "मी जागाच होतो!" आजोबा टीव्हीसमोर घोरत असताना चॅनल बदललं की हेच म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

याचं कारण असं, की सगळा मेंदू एकाच क्षणी झोपत नाही. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. वास सोडला तर इंद्रियांकडून येणारी बहुतेक खबर त्याच्यामार्फतच वरच्या कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जाते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी तपासणीसाठी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेल्या १३ रुग्णांच्या नोंदी फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत थॅलॅमस आधी मंदावलेला दिसला, आणि कॉर्टेक्सचे बरेच भाग त्यानंतर कित्येक मिनिटांनी. म्हणजे बाहेरची खबर बंद झालेली असते आणि खबर वाचणारा अजून जागाच असतो. मग तो काहीबाही वाचायला लागतो. पुढच्या बहुतेक चमत्कारांत असंच काहीतरी झालेलं आढळेल: एक भाग पुढे गेला, दुसरा मागे राहिला.

आधी दचकण्याचं बघू. साधारण ६० ते ७० टक्के लोकांना ते कधी ना कधी होतं. स्नायू सैल पडत असताना जागेपणाच्या यंत्रणेतून एक चुकार संदेश सुटतो आणि हातपाय एकाच वेळी आकसतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पडल्याचं जे चित्र दिसतं, ते बहुधा त्या धक्क्याला मेंदूनं तिथल्या तिथे जुळवलेलं कारण असतं. माकडांचे वंशज म्हणून झाडावरून पडण्याची भीती आपल्या अंगात उरली आहे, असंही सांगतात. गोष्ट झकास आहे, पुरावा मात्र हाती लागत नाही.

दचके वाढवणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत: अपुरी झोप, मनावरचा ताण, उशिराचा जोरदार व्यायाम आणि कॅफीन. कॅफीनचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला सरासरी ५ तास लागतात. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री ११ ला रक्तात शिल्लक असतं. म्हणून दुपारी २ नंतर चहा-कॉफी बंद, व्यायाम झोपेच्या निदान ३ तास आधी, असं दोन आठवडे करून पाहावं. काही जण "आता येईल, आता येईल" म्हणून दचक्याची वाट बघत पडून राहतात. त्या धसक्यानं झोप उथळ होते आणि दचके वाढतात. अशांनी २० मिनिटांत झोप लागली नाही तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसावं, पेंग आली की परतावं.

दोन प्रकार मात्र या साध्या दचक्यात मोजू नयेत. झोप लागल्यावरही पाय दर २०-४० सेकंदांनी ठरावीक लयीत झटकत असतील तर तो वेगळा विकार आहे. त्याची तक्रार बहुतेक वेळा शेजारी झोपणाराच करतो. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. बारा ते अठरा वयाच्या मुलांना सकाळी उठल्यावर तासाभरात हाताला झटके येऊन ब्रश किंवा चहाचा कप उडत असेल, आणि आदल्या रात्री जागरण झालं की ते वाढत असेल, तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. घरात त्याला धांदरटपणा म्हणून बोलणी बसतात. त्याला उत्तम औषधं आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या, तोंडी वर्णनापेक्षा तो फार उपयोगी पडतो.

आता पायांचं. "कुणीतरी पाय चेपा गं, त्याशिवाय डोळा लागत नाही," हे अनेक घरांत रोज ऐकू येतं, आणि दिवसभराचा थकवा म्हणून सोडून दिलं जातं. चार प्रश्न विचारा. पाय हलवावेत अशी अनावर इच्छा होते का? पडून किंवा बसून राहिलं की ती वाढते का? चाललं की लगेच बरं वाटतं का? संध्याकाळनंतर जास्त होतं का? चारही उत्तरं 'हो' असतील तर ही रेस्टलेस लेग्ज नावाची व्याधी असण्याची शक्यता मोठी. कार्ल-अॅक्सल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी १९४५ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. मेंदूतली लोहाची कमतरता हे तिचं एक मोठं कारण आहे, आणि इथेच तपासणी चुकते. हिमोग्लोबिन ठीक आलं की लोह ठीक आहे असं धरलं जातं. या व्याधीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला घटक, बघायचं असतं, आणि ते लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ३० हा आकडा 'नॉर्मल' छापलेला असतो, म्हणून तो डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड यांनी हा त्रास वाढतो. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेणारे नेमकी आगीत काडी टाकतात.

चित्रं आणि आवाज हा त्यातला मजेचा भाग. आल्फ्रेद मोरी या फ्रेंच विद्वानानं १८४८ मध्ये या भासांना हिप्नॅगॉजिक असं नाव दिलं. ब्रिटनमध्ये जवळपास ५ हजार लोकांना दूरध्वनीवरून विचारलं, तेव्हा ३७ टक्के लोकांनी झोप लागताना असे भास होतात असं सांगितलं. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये छापले गेले. म्हणजे त्यासाठी वेड लागायला नको. दिवसभर वाकून भात लावलेल्या बाईला डोळे मिटताच रोपांच्या ओळी दिसतात, तांदूळ निवडणारीला खडे दिसतात. झोपेचे अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये हेच टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा व्हिडिओ गेम खेळवून तपासलं. गंमत म्हणजे त्यांच्या प्रयोगात स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण होते. आपण खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण झोप लागताना पडणारे ठोकळे त्यांतल्या काहींना दिसत होते.

हाकेचंही तेच. रात्री हाक आली तर तीन हाका होईपर्यंत ओ देऊ नये, असं जुनी माणसं सांगत. पेंगेतली हाक सहसा एकदाच येते, त्यामुळे हा नियम वाईट नाही.

काहींना डोक्यात बंदुकीचा बार किंवा दार आपटल्यासारखा आवाज होतो, कधी सोबत लख्ख उजेड. नाव भयंकर आहे, एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम. १९८८ मध्ये पिअर्स या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी ते रूढ केलं. यात दुखत अजिबात नाही आणि इजाही होत नाही. आवाजाऐवजी एका मिनिटाच्या आत टोकाला जाणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उठली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते.

आणि छातीवर कुणीतरी बसणं. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, ओरडता येत नाही, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे अशी खात्री वाटते. गावाकडे याचा आळ मुंजावर किंवा हडळीवर जातो. स्वप्नांच्या झोपेत मेंदूच्या देठाकडून हातापायांचे स्नायू बंद केले जातात, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरून उठत नाही. ही झोप एरवी दीडेक तासानं येते. पण जागरण, रात्रपाळी किंवा विस्कटलेल्या वेळा असल्या की ती कधीकधी दारातच गाठते, आणि मन जागं असताना शरीर बंद होतं. श्वासपटल चालू असतं, म्हणून गुदमरून कुणी मरत नाही. छातीवरचा भार मात्र खरा वाटतो, कारण फासळ्यांचे स्नायू सैल पडलेले असतात आणि मनासारखा खोल श्वास घेता येत नाही. हे सारं सहसा मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. उठण्यासाठी सगळ्या अंगाची झटापट केली की भीती वाढते. त्यापेक्षा पायाचं एकच बोट हलवण्यावर लक्ष द्यावं आणि डोळे इकडेतिकडे फिरवावेत, कारण डोळ्यांचे स्नायू बंद नसतात. उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं, तेव्हा कुशीवर झोपावं. घरच्यांनी नुसता हात लावला तरी सुटका होते. हे वारंवार होत असेल, दिवसा झोप आवरत नसेल, आणि खळखळून हसल्यावर गुडघे लुळे पडत असतील, तर नार्कोलेप्सीची, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकाराची, तपासणी करावी. तिच्यात रात्रभराच्या नोंदीनंतर दिवसा दर दोन तासांनी २०-२० मिनिटांच्या चार-पाच डुलक्या घ्यायला लावतात.

हा काळ स्वतः बघायचा असेल तर एक चमचा पुरे. एडिसन हातात पोलादी गोळे धरून डुलकी घेत, झोप लागली की ते पडत आणि आवाजानं त्यांना जाग येई, अशी कथा आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी १०३ जणांवर तसा प्रयोग केला. हिशेब झटक्यात सोडवण्याची एक छुपी वाट त्यांना दिलेल्या गणितांत होती. मधल्या २० मिनिटांच्या विश्रांतीत जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना ती सापडली, एन-१ मध्ये निदान १५ सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना, आणि त्याहून खोल गेलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्क्यांना. घरी करायचं तर दुपारी जेवणानंतर आरामखुर्चीत बसा, हात खुर्चीबाहेर लोंबता ठेवा, बोटांत जड चमचा आणि खाली फरशीवर स्टीलचं ताट. चमचा मुठीत आवळू नका, नुसता टेकवा; आवळला तर तो वेळेवर पडतच नाही. ताट वाजलं की डोळे न उघडता जे दिसत होतं ते मोबाइलवर बोलून ठेवा. दहा-पंधरा सेकंदांत ते उडून जातं. रात्रीची झोप अपुरी झाली असेल तर प्रयोग फसतो, माणूस थेट खोल झोपेत जातो. ज्यांचा मोबाइल रोज रात्री नाकावर पडतो, ते हा प्रयोग नकळत करतच असतात.

हीच पेंग स्टिअरिंगमागे आली तर? रस्त्यावर नसलेली गाय, नसलेला माणूस, झाडांची झालेली भिंत: रात्री गाडी चालवणाऱ्यांना दिसणारे हे प्रकार म्हणजे एन-१ सुरू झाल्याची खूण. समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट रस्त्यावर ताशी १२० नं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर आंधळेपणानं. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, गालावर चापट्या मारणं यांनी जेमतेम काही मिनिटं निभतात. सुरक्षित थांब्यावर गाडी लावा, एक कडक कॉफी प्या आणि लगेच १५ ते २० मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर आणखी दहा मिनिटं गाडीबाहेर पायी फिरा, तोंडावर पाणी मारा, आणि डोळे तरीही जड असतील तर किल्ली दुसऱ्याकडे द्या.