एकदा, मग चारदा

(दृश्य: मंगळवार पेठेतला एक बोळ. पहाट. पांढरी गाडी. फक्त पंख्याचा आवाज.)

ऐकताय ना? हा रेडिएटरचा पंखा. डिसेंबर महिना आहे, सकाळचे साडेसहा वाजलेत, माझ्या अंगात स्वेटर आहे. गाडी रात्रभर बोळात उभी होती, बॉनेटवर दव आहे. इंजिन जेमतेम सुरू झालंय आणि पंखा असा सुटलाय, जणू मे महिन्यात गगनबावड्याचा घाट चढून आलीय.

तेही सहजासहजी सुरू झालेलं नाही. चार वेळा चावी मारली, अॅक्सिलरेटर दाबून धरला, तेव्हा कुठं धडधडलं.

आणि समोर डॅशबोर्डवर तो दिवा. इंजिनचं चित्र असतं त्यावर, पण ते इंजिनसारखं काही दिसत नाही. माझे मामा त्याला तोटीचा दिवा म्हणतात. एकदा नीट बघा, तुम्हालाही नळाची तोटीच दिसेल.

गाडी मामांचीच. २००१ ची मारुती एस्टीम, एमएच ०९. मामा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बीड ओतलं की गार होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न किती मोठा धरायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. ज्या गावानं ऑइल इंजिनं घडवली, त्या गावातला हा कारागीर. आणि एक मिणमिणता दिवा त्यांना दोन महिने घोळवत होता.

दिवा पेटला तसे मामा गाडी गॅरेजला घेऊन गेले. तिथं सांगितलं, पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर गेला. नवा बसवला. नऊ दिवस दिवा गप्प बसला. दहाव्या दिवशी पुन्हा हजर.

"पैसं गेलं आणि दिवा आला," मामा म्हणाले.

मग आम्ही ठरवलं, हा दिवा काय म्हणतोय ते घरीच वाचायचं.

(दृश्य: दसरा चौक, गर्दी. जुनी राजेशाही मोटार हळूहळू पुढे सरकते.)

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर निघते, तेव्हा अख्खं कोल्हापूर मान वर करून बघतं. तीसच्या दशकातली गाडी. तिला हा त्रास नाही, कारण तिच्यात कॉम्प्युटरच नाही. काही बिघडलं तर नाकानं, कानानं आणि हातानं शोधायचं. आपल्याकडच्या साध्या गाड्यांचंही बरीच वर्षं तसंच होतं. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडा, जेट फुंका, स्क्रू पाव फेरा फिरवा. २००० च्या सुमारास धुराचे युरो नियम आले आणि कार्ब्युरेटरची सद्दी संपली. एमपीएफआय आलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल वेगळं फवारायची पद्धत. पेट्रोल किती सोडायचं हे आता कॉम्प्युटर ठरवू लागला आणि ठरवण्यासाठी त्याला बातम्या लागू लागल्या. पाणी किती तापलंय, हवा किती आत येतेय, थ्रॉटल किती उघडलाय. एखादी बातमी अशक्य वाटली की तो तिची नोंद करतो आणि दिवा लावतो.

दिव्याचा उगमही धुरातच आहे. कॅलिफोर्नियात १९८८ पासून गाड्यांना स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवणं भाग पडलं. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा आली. आपल्याकडे धुराच्या बीएस-४ नियमांबरोबर २०१० ला या नोंदीचा पहिला टप्पा आला, २०१३ ला दुसरा. मामांची गाडी या सगळ्याच्या आधीची.

त्यामुळं गाडीत खोचून मोबाईलवर कोड वाचायचं, ऑनलाइन मिळणारं ते निळं ब्लूटूथ डोंगल इथं उपयोगाचं नाही. याच काळातल्या काही गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंही. डोंगल खोचलं की त्याचा लाल दिवा लागतो आणि माणूस खूश होतो. पण तो दिवा लागतो कारण सोळाव्या पिनेला थेट बॅटरी असते. बोलणं होतं ते दुसऱ्या पिनांतून, जुन्या पद्धतीत सातव्या, नव्या पद्धतीत सहाव्या आणि चौदाव्या. तिथं धातूची पिनच नसेल, किंवा गाडी फक्त कंपनीचीच भाषा बोलत असेल, तर मोबाईलवर गोल फिरत राहतं आणि आपण उगाच डोंगलला शिव्या घालतो.

जुन्या गाडीची पद्धत त्याहून साधी आहे. ती दिवा लुकलुकवून सांगते.

(दृश्य: बॉनेट उघडलेलं. बॅटरीजवळचा छोटा कपलर. मामांच्या हातात वीतभर वायर.)

आधी एक खात्री. इंजिन बंद ठेवून चावी फक्त ऑनवर न्यायची. तोटीचा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय, किंवा कुणीतरी काढून ठेवलाय. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा विकणारा चहा सांगत असतानाच हे बघून घ्या. दिवा दिसत नाही म्हणजे दोष नाही, असं समजून फसलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

मग हा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग. यात निदानाची एक पिन आणि अर्थची एक पिन असते. त्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या. कोणत्या दोन, हे मात्र त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलातल्या आकृतीत बघायचं. अंदाजानं नाही. चुकीच्या पिना जोडल्या तर फ्यूज उडण्यावर भागलं तर नशीब, नाहीतर कॉम्प्युटरच जातो. मामांनी आकृती तीनदा बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. पॅटर्नमेकर माणूस.

वायर खोचली. चावी ऑन.

दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग भराभर चारदा.

"पाच," मी म्हणालो.

"पाच कसं?" मामा म्हणाले. "मधी थांबला न्हाई का त्यो? एक आणि चार. चौदा."

मामांचं बरोबर होतं. पहिली लुकलुक दशकाची, थांबून येणारी एककाची. प्रत्येक कोड तीनदा येतो, मग पुढचा. डोळ्यानं मोजताना गफलत होते, म्हणून आम्ही मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि हळू करून बघितला. एक, चार. एक, चार. एक, चार. दुसरा कोड नव्हता.

आता १४ म्हणजे काय? इथंच भलेभले घसरतात. कारण हा आकडा गाडीगणिक बदलतो. सुझुकीच्या या जुन्या यादीत १४ म्हणजे कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचं सर्किट. त्या काळच्या होंडात १४ म्हणजे आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, सांभाळणारा व्हॉल्व्ह, आणि टोयोटात १४ म्हणजे इग्निशनचा सिग्नल. कूलंटच्या तापमानाचीच तक्रार होंडा ६ म्हणून सांगते, टोयोटा २२ म्हणून. शेजाऱ्याच्या गाडीची यादी आपल्या गाडीला लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं.

मामांचा चेहरा पडला. "म्हंजे सेन्सरच की! त्यो तर नवा घातलाय."

मॅन्युअल पुन्हा उघडलं. तिथं शब्द होता सर्किट. सेन्सर हा त्या सर्किटचा एक तुकडा. बाकी दोन वायरी, दोन टोकांचे कपलर आणि कॉम्प्युटर.

(दृश्य: सेन्सर तळहातावर, अगदी जवळून. पितळी टोक, प्लास्टिकचा माथा.)

हा तो गॅरेजमध्ये काढलेला जुना सेन्सर. मामांनी तो मागून आणला होता आणि पारलेच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही.

आत एक छोटा मणी आहे. गार असला की विजेला अडवतो, तापला की वाट सोडतो. अशा सेन्सरचं मोजमाप साधारण असं असतं, २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. हे घरी तपासता येतं. मल्टिमीटर, गॅस आणि एक भांडं.

"त्या भांड्यात आम्ही चहा करतो," मामी आतून म्हणाल्या. त्यांनी एक जुना डालड्याचा डबा काढून दिला.

साध्या पाण्यात मीटर एकोणीसशेवर. पाणी तापू लागलं तसा आकडा घसरायला लागला. बाराशे, आठशे, पाचशे. अडखळला नाही, उड्या मारल्या नाहीत. उकळी फुटेपर्यंत दोनशेच्याही खाली.

मामा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "ह्यो तर धडधाकट हाय की."

म्हणजे धडधाकट सेन्सर काढून नवा बसवला होता. मग नऊ दिवस दिवा का विझला?

त्याचं उत्तर त्या आकड्यातच होतं. याच यादीत १४ च्या खाली १५ आहे, तोही कूलंटच्या तापमानाचाच. फरक एवढाच, की १५ म्हणजे पाणी भलतंच तापल्याची बातमी आणि १४ म्हणजे भलतंच गार असल्याची. कॉम्प्युटर सेन्सरकडे ५ व्होल्ट धाडतो आणि किती अडतात ते बघतो. वायर तुटली तर वाट पूर्ण बंद, सगळंच अडतं. कॉम्प्युटरच्या लेखी कोल्हापुरातल्या गाडीचं पाणी उणे ४० अंशांवर. अशा बातमीवर तो विश्वास ठेवत नाही. पाणी ८० अंश आहे असं धरून चालतो आणि धोका नको म्हणून पंखा लावून ठेवतो. थंड इंजिनला सकाळी जास्त पेट्रोल लागतं, पण हा तर ते तापलेलंच धरून बसलाय, म्हणून चार चार वेळा चावी मारावी लागते. पंखा आणि सकाळची कटकट, दोन्हींचं मूळ एकच. तुटलेली वायर.

(दृश्य: मामांची बोटं वायरिंगवरून फिरतात. मीटरचा सलग बीप.)

बॅटरीची निगेटिव्ह काढली. रेझिस्टन्स किंवा कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का ते, बघताना करंट चालू ठेवायचा नाही, मीटर खोटं बोलतं. डॅशबोर्डखालचा कॉम्प्युटरचा कपलर सोडवला. तुमच्या गाडीला एअरबॅग असेल तर तिथल्या पिवळ्या कपलरांना बोटसुद्धा लावू नका. मामांच्या गाडीत ते नाहीत. मीटरचं एक टोक इकडं, दुसरं सेन्सरच्या कपलरला. बीप आला. वायर अखंड!

इथं मी हार मानली होती. मामा मानले नाहीत. त्यांनी वायरिंगचा जुडगा एका टोकापासून चिमटीत धरला आणि वीत-वीत पुढं जात हलवायला लागले. बीप. बीप. बॅटरीच्या मागं, जिथं जुडगा वळतो तिथं, बीप तुटला. सोडला, आला. हलवला, गेला.

टेप कापली. आत शेंगांची टरफलं, थोडा कापूस आणि काळ्या लेंड्या. उंदरानं सेन्सरच्या वायरीचं आवरण बोटभर खाल्लं होतं. आतली तांब्याची तार तुटली होती आणि तिची दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. गॅरेजमध्ये सेन्सर बदलताना जुडगा हलला असणार आणि टोकं जुळली असणार. पुढं नऊ दिवसांनी कोल्हापूरच्या रस्त्यांनी त्यांना पुन्हा वेगळं केलं. गॅरेजवाल्यावर मला फारसा राग नाही. सेन्सर बदलायला दहा मिनिटं लागतात, हे शोधायला आम्हाला अख्खा रविवार गेला.

टोकं सोल्डर केली, तापवली की आवळणारी हीट श्रिंकची नळी चढवली, वर टेप. बॅटरी तशीही काढलेलीच होती. या गाडीत एक मिनिटाहून जास्त निगेटिव्ह काढून ठेवली की कोड पुसला जातो. म्हणूनच आधी कोड लिहून घ्या, मग बॅटरीला हात लावा. बरेच जण उलटं करतात आणि पुरावाच पुसून टाकतात. रेडिओची स्टेशनं जातात, आयडल दोन दिवस थोडं इकडंतिकडं होतं. ते होऊ द्यायचं.

(दृश्य: दिवा, जवळून.)

पुन्हा कपलरमध्ये ती वायर. चावी ऑन. एकदा, मग दोनदा. एकदा, मग दोनदा. १२. या यादीत १२ म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

बोळातल्या एका वहिनींनी हे सगळं जिन्यातून बघितलं होतं. त्यांची गाडी २०१४ ची, तिचाही दिवा पेटलेला. तिथं डोंगल चाललं. पी ०३०१ आला. पी म्हणजे इंजिन-गिअरची बाजू, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, शेवटचा १ म्हणजे पहिला सिलिंडर. पहिल्याची, ठिणगीसाठी वीज देणारी, कॉइल दुसऱ्यावर टाकली आणि गाडी फिरवून आणली. कोड ०३०२ झाला. म्हणजे खोट कॉइलमध्येच, ती सिलिंडराबरोबर नाही, कॉइलबरोबर सरकली. अर्ध्या तासात काम. अशा गाड्यांत चालता चालता दिवा नुसता पेटण्याऐवजी लुकलुकू लागला, तर मात्र बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.

(दृश्य: पुन्हा पहाट. तोच बोळ.)

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. एकदाच चावी. पंखा गप्प. मामा दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर टाकून बसलेत. तापमानाचा काटा हळूहळू चढतोय. अर्ध्यावर आला. थोडा पुढं सरकला. मामांनी बोट वर केलं.

पंखा लागला.

जुना सेन्सर पुन्हा पारलेच्या डब्यात गेलाय. मामांनी त्याला कागद गुंडाळलाय, वर पेन्सिलीनं लिहिलंय, ‘चांगला’. बॅटरीमागं पिंजरा लावलाय, आत खारे शेंगदाणे. तीन रात्री झाल्या, शेंगदाणे संपतात. उंदीर अजून सापडलेला नाही.