जंगल सुरू कुठून होतं?

(दृश्य: रालामंडलची टेकडी. माथ्यावर होळकरांची शिकारगाह.)

रालामंडल म्हटलं की आम्हा इंदूरकरांना आठवते ती रविवारची चढण. पण 1989 पासून हे अभयारण्य आहे. इथे चितळ आहेत, बिबट्याही आहे. आणि हा सगळा संसार जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये.

(दृश्य: कुंपण, घाणेरीची जाळी.)

कुंपणाला लागून बघा, घाणेरी कशी माजलीय. ऊन थेट जमिनीवर, पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतो. शंभर पावलं आत गेलो तरी ट्रकचा हॉर्न कानात. मग जंगल सुरू तरी कुठून होतं?

ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ 1979 साली याचाच एक मोठा प्रयोग सुरू झाला. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं अ‍ॅमेझॉनचं जंगल तुटणारच होतं. थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञाने मालकांना एवढंच पटवलं की तोडताना मधेमधे 1, 10, 100 हेक्टरचे तुकडे तसेच सोडा. त्या तुकड्यांत कुणी कुऱ्हाड चालवली नाही, तरी झाडं मेली. कडेची, मोठी झाडं आधी. पोळीचे तुकडे उघड्यावर ठेवले की कशा कडा आधी वाळतात, तसंच. गर्द सावलीत, जमिनीलगत वावरणारे काही पक्षी तर मधली 80 मीटरची मोकळी जागा ओलांडेनात. पंख असलेले पक्षी!

(दृश्य: कागदावर पेन्सिलने काढलेले चौकोन.)

हिशोब घरी करून बघा. कडेचा त्रास 100 मीटर आत पोचतो असं धरा. 100 हेक्टरच्या चौकोनात निर्धोक जंगल उरतं 64 हेक्टर. 10 हेक्टरच्या चौकोनात दीड हेक्टरही नाही. आणि 1 हेक्टरचा चौकोन म्हणजे नुसती कडाच.

1990 ते 2020 या तीस वर्षांत जगात 42 कोटी हेक्टर जंगल तुटलं. अख्ख्या भारतापेक्षा जास्त. हा आकडा बातम्यांत येतो तरी. उरलेल्याचं काय? 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की जगातल्या उरलेल्या जंगलापैकी 70 टक्के जंगल कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे. नकाशावर ते हिरवंच दिसतं, त्यामुळे कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. आमचं रालामंडल तर सगळंच त्या 70 टक्क्यांतलं.

(दृश्य: पेंच, उंचावरून जाणारा महामार्ग.)

सिवनी-नागपूर मार्गावर पेंचजवळ रस्ता खांबांवर उचललाय. वरून ट्रक, खालून वाघ, कॅमेऱ्यांत दिसलेत. काम चोख आहे. पण पुलाच्या दोन्ही बाजूंना जंगल असेल तरच त्याचा उपयोग.

(दृश्य: संध्याकाळ, पुन्हा टेकडी.)

खाली बायपासचे दिवे लागतात, मग कॉलन्यांचे. दक्षिणेला, चोरलच्या जंगलाच्या बाजूला, अजून बराच अंधार आहे. बिबट्या येत असेल तर तिकडूनच.