किरकोळ खर्चात शंभर रुपयांची कपात

श्रोतेहो, नमस्कार.

१ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपतं आणि आपला अर्थसंकल्पही तिथेच संपतो. प्राप्तिकराचा टप्पा बदलला की नाही एवढं कळलं की टीव्ही बंद. या भाषणात शेर आणि सुभाषितं पेरायची पद्धत कोणी पाडली कोण जाणे! आयात शुल्काचे आकडे सांगताना मध्येच शेर कशाला? असो. सांगायचं ते हे, की भाषण संपतं तेव्हा नव्या वर्षासाठी सरकारला एक रुपयाही मिळालेला नसतो. पुन्हा सांगतो, एक रुपयाही नाही. मागितलेलं असतं, मिळालेलं नसतं.

मिळतं ते पुढे, बहुधा मार्चमध्ये, विनियोजन विधेयक मंजूर झालं की. नाव जरा दाताखाली येतं, पण गोष्ट साधी आहे. आपले कर, सरकारने काढलेली कर्जं, सगळं एका गल्ल्यात पडतं. राज्यघटनेत त्याला एकत्रित निधी म्हणतात. संसदेने कायदा केल्याशिवाय त्या गल्ल्यातून पैसा काढता येत नाही, असं ११४वं कलम सांगतं. तो कायदा म्हणजे हे विधेयक. हे धन विधेयक असतं, त्यामुळे राज्यसभेने फार तर १४ दिवसांत शिफारशी करायच्या, त्या मानायच्या की नाही हे लोकसभेने ठरवायचं. आणि एकदा विधेयक मांडलं की त्यातली रक्कम किंवा रकमेचं ठिकाण बदलणारी दुरुस्ती कोणालाच सुचवता येत नाही. काय विचारायचं ते आधी विचारायचं.

आधी म्हणजे कधी? प्रत्येक खातं आपली मागणी लोकसभेपुढे ठेवतं तेव्हा. अनुदानाच्या मागण्या म्हणतात त्यांना. शंभराच्या आसपास असतात. कर्जावरच्या व्याजासारख्या काही खर्चांवर मतदान नसतं. घराच्या कर्जाचा हप्ता भरायचा की नाही यावर आपणही घरात मतं घेत नाही. बाकीच्या मागण्यांवर खासदार कपात सूचना देऊ शकतो. धोरणच पटत नसेल तर म्हणायचं, ही मागणी १ रुपयावर आणा. उधळपट्टी वाटत असेल तर म्हणायचं, अमुक इतकी रक्कम कमी करा. आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर म्हणायचं, या मागणीत १०० रुपयांची कपात करा. हजारो कोटींच्या मागणीत फक्त १०० रुपयांची! ही १०० रुपयांची कपात तेवढी लक्षात ठेवा. मला ती आमच्या आप्पांनी शिकवली.

आमची चाळ गिरगावात. आप्पा आमच्या शेजारचे, मंत्रालयातून निवृत्त झालेले. धोतर कडक इस्त्रीचं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. श्रावणात एका रविवारी संध्याकाळी साडेपाचला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गणपतीची मीटिंग बसायची. खजिनदार वही उघडून यादी वाचायचे. मूर्ती, मंडप, रोषणाई, प्रसाद, कार्यक्रम, विसर्जनाचा ट्रक आणि सर्वांत शेवटी किरकोळ.

आता आमच्या चाळीत पाणी यायचं सातला. मीटिंगचा पहिला तास मूर्ती अडीच फुटी की तीन फुटी यात जायचा, दरवर्षी. मग रोषणाईवरून दोन मजल्यांचं भांडण. तेवढ्यात मोरीतल्या नळांतून आधी हवा यायची, फुर्र फुर्र, की बायका उठल्याच, पाठोपाठ पुरुष. बादल्यांचा खणखणाट सुरू. त्या गलक्यात खजिनदार ओरडायचे, "बाकी सगळं मंजूर?" आणि जिन्यावरून, मोरीतून, पिंपाच्या आड वाकलेल्या माणसांकडून उत्तर यायचं, "मंजूर!" अशी चार-पाच वर्षं गेली. किरकोळ दरवर्षी वाढत गेलं. शेवटी एका वर्षी मूर्तीला ९०० रुपये आणि किरकोळला ११५०. देवापेक्षा किरकोळ मोठं झालं.

त्या रविवारी दुपारी आप्पांनी मला आणि माझ्या भावाला बोलावलं. "आज माझं पाणी तुम्ही भरायचं," म्हणाले, "मी मीटिंगमधून उठणार नाही." मोबदला, चार लिमलेटच्या गोळ्या. त्यामुळे पुढचं निम्मं मी आप्पांच्या मोरीच्या खिडकीतून ऐकलेलं आहे, कळशी भरता भरता. ही स्टीलची कळशी, बरं का. प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी प्यायला सुरुवात झाली आणि चाळीची रया गेली, हे माझं जुनं मत आहे. पण तो वेगळा विषय.

तर रोषणाईचं भांडण रंगात आलं असताना आप्पा उभे राहिले, लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "किरकोळ या मागणीत १०० रुपयांची कपात करावी, अशी सूचना मांडतो."

खजिनदार हसले. "आप्पा, अहो, अकराशे पन्नासात शंभराने काय फरक पडतो? हे घ्या, माझ्या खिशातून देतो शंभर."

"तुझे शंभर ठेव तुझ्याकडे," आप्पा म्हणाले. "शंभर कशातून कमी करायचे हे ठरवायला आधी अकराशे पन्नास कशाचे ते तुला वाचावं लागेल. वाच."

आणि नळ वाजले. फुर्र फुर्र. सगळी गॅलरी रिकामी झाली. खजिनदारही उठले, पण त्यांची वही उठेना. आप्पांनी उघड्या वहीवर आपला चष्मा काढून ठेवला होता. कोणाच्या वहीला हात लावणं वेगळं आणि आप्पांच्या चष्म्याला हात लावणं वेगळं. अर्धा-पाऊण तास ते दोघं समोरासमोर, लोखंडी खुर्च्यांवर, एक शब्द न बोलता. मी तीन खेपा केल्या, तीनही वेळा तसेच.

पाणी गेल्यावर लोक पदराला हात पुसत परत आले आणि खजिनदारांना वाचावं लागलं. टॅक्सी. फ्यूज उडाले त्याचं सामान. कार्यकर्त्यांचा चहा, तो कुठल्याशा बँडच्या मानधनाएवढा. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, ७५ रुपये. "पाहुणे कोण होते?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं. खजिनदार वहीतच बघत राहिले. पाहुणे म्हणजे त्यांचे साडू होते. जो हशा उठला तो समोरच्या चाळीत ऐकू गेला. मग शेवटून दुसरी ओळ आली. दहा दिवस रात्री मंडप झाडणाऱ्या बाई, ४० रुपये. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

आणि मग आप्पा काय म्हणाले? "मी माझी सूचना मागे घेतो." एवढंच. चष्मा उचलला आणि जेवायला गेले. मला काही कळेना. मी विचारलं, "आप्पा, शंभर रुपये कमी नाही केलेत?" तर म्हणाले, "कमी करायचे नव्हतेच रे. वाचून घ्यायचे होते."

पुढच्या वर्षी किरकोळ २०० रुपये, झाडणाऱ्या बाईंची ओळ वेगळी आणि वरच्या बाजूला, आणि मीटिंग दुपारी चारला. खजिनदार मात्र तेच. आप्पांनी त्या वर्षी ऑर्केस्ट्रावर कपात आणली आणि ते एकटे पडून सपशेल हरले.

तर दिल्लीलाही सात वाजता पाणी येतं, श्रोतेहो. मागण्यांवरच्या चर्चेसाठी ठरावीक दिवस असतात. सगळ्या खात्यांची पाळी येतच नाही, चार-पाच खात्यांवर बोलून होतं. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की लोकसभा अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात, फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी उडवायचं ते यंत्र. शब्द अगदी चपखल आहे, म्हणूनच बहुधा आपण त्याला मराठी प्रतिशब्द शोधला नाही. आवाजी मतदान होतं, "बाकी सगळं मंजूर?" "मंजूर!"

काही वर्षी तर एकाही मागणीवर चर्चा झाली नाही. २०१८च्या मार्चमध्ये गोंधळात सगळ्याच मागण्या एकदम मंजूर झाल्या. २०२३मध्ये २३ मार्चला पुन्हा तेच, आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प होता सुमारे ४५ लाख कोटींचा. पुन्हा सांगतो, ४५ लाख कोटी, चर्चेविना. गोंधळ घालणारे म्हणतात सरकारला चर्चा नको होती, सरकार म्हणतं विरोधकांना नको होती. मला विचाराल तर दोघांनाही आपापलं पाणी भरायचं होतं.

कपात सूचना मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वास उडाला असं मानतात, म्हणून त्या पडतातच. २०१०च्या एप्रिलमध्ये इंधन दरवाढीवरून भाजप आणि डाव्यांनी त्या आणल्या, दोन दिशांचे लोक एका बाकावर, आणि तरी पडल्या. पण त्या निमित्ताने पेट्रोल-डिझेलवर सभागृहात बोलावं तर लागलं. १९९३पासून खात्यांवर नजर ठेवणाऱ्या, खासदारांच्या स्थायी समित्या आहेत, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या मागण्या वाचतात, अहवाल देतात. चांगलं काम करतात. पण ते दाराआड, आणि समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. आप्पांची मीटिंग गॅलरीत होती, सगळ्यांदेखत. फरक आहे तो तिथे.

आता मार्चमध्ये संसदेचं थेट प्रक्षेपण दुपारी लावून बघा. कुठल्या खात्यांची पाळी आली ते बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठल्या खात्यांची आली नाही ते बघा. शेती? आरोग्य? शाळा? आपल्या खासदाराने शंभराची एक तरी सूचना दिली का, हे त्यालाच विचारता येतं. त्याचं कार्यालय असतं, तिथे चहाही मिळतो, बहुधा किरकोळमधून.

आणखी मला पुरवणी मागण्यांबद्दल बोलायचं होतं. लेखानुदान म्हणजे काय तेही सांगायचं होतं. आणि लोकलेखा समिती, तिच्यावर तर मी खास टिपण काढून आणलं होतं. पण काचेपलीकडून निर्माते मघापासून हवेत बोट फिरवत आहेत. तेव्हा उरलेले तीन मुद्दे चर्चेविना मंजूर झाले असं समजतो. नमस्कार.