सुंदानी भाषेतले अनेक नकार

श्रोतेहो, नमस्कार.

एक वाक्य ऐका. 'लाइन अम्बुंग, तापी चान बिसा.' म्हणजे, 'नको असं नव्हे, पण अजून जमत नाही.' पाच शब्दांच्या या वाक्यात तीन नकार आहेत आणि तिन्ही वेगवेगळे. ही सुंदानी भाषा. जावा बेटाच्या पश्चिम भागात, बांडुंग, बोगोर, गारुत या मुलखात तीन कोटींहून अधिक लोक ती बोलतात. बांडुंग म्हटलं की आपल्याला १९५५ ची आशियाई-आफ्रिकी परिषद आणि तिला गेलेले नेहरू आठवतात. तिथल्या घरात कोणती भाषा बोलतात, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

सगळ्यात साधा नकार म्हणजे 'हन्तु', आणि त्याचं रोजच्या बोलण्यातलं छोटं रूप 'तु'. यातला 'उ' आपला नव्हे. जीभ 'उ'साठी तयार ठेवायची, पण ओठ गोल करायचे नाहीत. करून बघा, घरात कुणी हसलं तर हसू द्या. हा 'तु' क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या आधी बसतो. 'पानास' म्हणजे गरम, 'तु पानास' म्हणजे गरम नाही. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे समोरचा शेवटपर्यंत आशेवर असतो. सुंदानीत आधीच कळतं.

नामाचा नकार करायचा असेल तर 'तु' चालत नाही, तिथे 'लाइन' हवं. 'कुरिंग लाइन गुरु', मी शिक्षक नव्हे. हो, गुरु म्हणजे आपलाच गुरु. आपलं 'नव्हे' नेमकं हेच काम करायचं, पण आता बोलताना आपण 'मी शिक्षक नाही' म्हणून मोकळे होतो. सुंदानीत तो भेद अजून जिवंत आहे. गंमत अशी की इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेत 'लाइन' म्हणजे 'दुसरा, वेगळा'. तेवढी भाषा शिकून बांडुंगला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी घोटाळ्यात पडतो.

सुंदानी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. मग गेलो नाही आणि जाणार नाही यांतला फरक कसा कळायचा? तो नकारातूनच कळतो. 'कुरिंग तु इंदित', मी गेलो नाही. 'कुरिंग मोआल इंदित', मी जाणार नाही. सवयीनं कधीच करत नसाल तर 'तारा'. 'कुरिंग तारा ङारोको' म्हणणारा माणूस सिगारेट ओढतच नाही. आणि 'अजून नाही' यासाठी 'चान', अदबीनं 'तु अचान'. पाहुण्याला विचारतात, 'पारान्तोस तुआंग?', जेवण झालं का? नसेल झालं तर 'तु अचान' म्हणायचं. नुसतं 'हन्तु' म्हटलं तर जेवायचा विचारच दिसत नाही असं वाटेल.

आपला 'नको' दोन कामं करतो, 'जाऊ नको' आणि 'मला नको'. सुंदानीत ही दोन कामं दोन शब्दांकडे आहेत. मनाई करायची तर 'उलाह' किंवा 'तोंग', इच्छा नसेल तर 'अम्बुंग'. तिथल्या आज्या पोरींना सांगतात, 'उलाह दिउक दिना लावांग पान्तो, बिसी नोंगतोत जोदो.' दारात बसू नको, नाहीतर लग्न जुळायला उशीर होईल. अशा निषेधांना तिथे 'पामाली' म्हणतात. उंबरठ्यावर बसायची आपल्याकडेही बंदी, पण आपण त्यासाठी 'बसू नये' असं वेगळं रूप वापरतो.

आता अवघड भाग. सुंदानीत कुणाशी बोलतो त्यावर शब्द बदलतात, आणि नकारही त्यातून सुटलेला नाही. मित्राला 'अम्बुंग' म्हणा, सासऱ्यांना 'आलिम' म्हणा. मित्राला 'उवुह', म्हणजे 'नाहीये, संपलं'. वडीलधाऱ्यांना 'तु आया'. 'लाइन'चं अदबीचं रूप 'सानेस'. नाही म्हणायचं आणि वर मान राखून म्हणायचं! मला यातला सर्वांत आवडता शब्द 'दुका'. रस्ता विचारला आणि समोरचा नम्रपणे 'दुका' म्हणाला, तर त्याला दुःख झालेलं नाही, त्याला ठाऊक नाही एवढंच.

बांतेन प्रांतातल्या कानेकेस गावचे बादुई लोक जुन्या रूढी काटेकोर पाळतात. त्यांचा एक दंडक आहे: 'नु लाइन कुदु दिलाइनकुन, नु उलाह कुदु दिउलाहकुन, नु ञा कुदु दिञाकुन.' जे नव्हे ते नव्हेच मानावं, जे करू नको ते करूच नये, जे खरं ते खरंच मानावं. शब्दांची घडण पाहा. 'लाइन'च्या पुढे 'दि' आणि मागे 'कुन' लावलं की 'नव्हे'चं क्रियापद होतं. 'उलाह'चंही तसंच. आपल्याकडे 'नकार'पासून 'नाकारणे' झालं. 'नव्हे'ला आणि 'नको'ला मात्र असं 'णे' लावून क्रियापद करायचं अजून कुणाला जमलेलं नाही.