आदेश कोर्टाचा, खर्च कुणाचा?

(दृश्य: टेबलावर आदेशाची नक्कल. कन्नड मजकूर, कोपऱ्यात जांभळा शिक्का, खाली पेनाने लिहिलेली पुढची तारीख.)

निवेदन:

दीड पानाचा कागद. वर खटल्याचा नंबर, मध्ये आरोपीचं नाव. शेवटच्या परिच्छेदात न्यायाधीशांनी म्हटलंय, की याला सोडावं, पण नातेवाइकाने त्याला जवळच्या दवाखान्यात नियमित बाह्यरुग्ण मानसोपचार द्यावेत, तशी हमी लिहून द्यावी आणि पुढच्या तारखेला अहवाल आणावा. हमी देणारी बहुतेक वेळा आई असते. खानापूर किंवा निपाणीकडची असेल, तर तिला वाचता येतं ते मराठी. कागद कन्नडात. उपचार कुठे घ्यायचे, अहवाल कोण लिहिणार, त्या लिहिण्याचे पैसे कोण देणार, हे त्यात कुठेच नाही.

ते काम मानसोपचाराची ओपीडी चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेवर येऊन पडतं. आणि संस्था अनुदानासाठी अर्ज करायला बसते, तेव्हा पहिलाच गोंधळ होतो. ‘कोर्टाने पाठवलेल्या रुग्णांची ओपीडी’ अशी पाटी लावलेली योजना शोधण्यात महिने जातात. सरकारी पैसा आजाराच्या नावाने येतो, खात्याच्या नावाने येतो. कोर्टाच्या नावाने येत नाही. म्हणून आधी आदेश कुठल्या कलमाखाली झालाय ते बघायचं, मग तिजोरी ठरवायची.

(दृश्य: बेळगाव जिल्हा न्यायालयाचं आवार. वकिलांची टेबलं, टायपिंगवाले, झेरॉक्सची रांग.)

आत्ता पाहिलेला आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ मधला. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३० मध्ये होती, आणि जुने वकील आजही ‘तीनशे तीस’च म्हणतात. आरोपी मनोरुग्ण आहे, खटल्यात स्वतःचा बचाव करू शकत नाही, पण त्याला भरती ठेवण्याची गरज नाही, अशा वेळी हे कलम वापरतात. कोर्टातून ओपीडीत येणारा सरळ रस्ता हाच.

व्यसनाच्या खटल्यांचा रस्ता वेगळा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ३९ सांगतं, की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, कोर्ट शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. एक वर्षाच्या आत उपचाराचा निकाल कोर्टापुढे मांडावा लागतो. मात्र उपचार सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेतच व्हावे लागतात. मान्यता हातात नसताना ‘आम्ही कलम ३९ चे रुग्ण घेऊ’ असं प्रस्तावात लिहिलं, तर तपासणारा पहिल्या वाचनातच खूण करतो.

बालन्याय मंडळ २०१५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली मुलाला समुपदेशनाला किंवा व्यसनमुक्ती कार्यक्रमाला पाठवू शकतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यात मॅजिस्ट्रेट कलम १४ खाली समुपदेशन सांगतात. तिथे खातं महिला व बालविकासचं, आरोग्याचं नव्हे.

आता प्रस्तावात हमखास चुकीची येणारी कलमं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. कलम १०२ खाली मॅजिस्ट्रेट माणसाला तपासणीसाठी मानसिक आरोग्य आस्थापनेत पाठवतात, भरती करायचं तर जास्तीत जास्त दहा दिवस. आणि चालू खटल्यात कुणाच्या मानसिक आजाराच्या पुराव्याला समोरच्याने आव्हान दिलं, तर कलम १०५ प्रमाणे प्रकरण मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जातं. या दोन्ही ठिकाणी तुमच्या ओपीडीचा संबंध नाही. ही कलमं घालून प्रस्ताव वजनदार होत नाही. लिहिणाऱ्याने कायदा उघडून पाहिलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. ई-अनुदान पोर्टलवरचा अर्ज भरताना.)

तिजोऱ्या मोजक्या आहेत. व्यसनासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा मादक पदार्थ मागणी कपातीचा राष्ट्रीय कृती आराखडा. त्यात भरती करून घेणारी पुनर्वसन केंद्रं खाटांवर मोजली जातात. ओपीडीसारखं काम करायचं असेल, तर त्याच आराखड्यातलं ‘आउटरीच अँड ड्रॉप-इन सेंटर’ पाहा. तिथे चाचपणी, समुपदेशन आणि पुढे पाठवणं एवढंच अपेक्षित असतं. दारू सोडवताना झटके येऊ लागले तर रुग्णाला रुग्णालयातच न्यावं लागतं, आणि ते रुग्णालय कुठलं, हे प्रस्तावात नावानिशी हवं.

मनोविकारातून सावरलेल्यांच्या पुनर्वसनासाठी दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे. हाफवे होम, म्हणजे सावरलेल्यांनी घरी परतण्याआधी काही काळ राहायची जागा, तिच्यात बसतं, त्यासाठी संस्थेची दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खाली नोंदणी लागते. ओपीडीचे पैसे या योजनेतून काढायचा खटाटोप करू नये.

राहिलं राज्याचं आरोग्य खातं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला देशभर ज्याचा नमुना मिळाला, तो कर्नाटकातल्याच बळ्ळारीचा, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली उभा राहिलेला. राज्याचा ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमही त्याच धाग्यातला. मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुका हॉस्पिटलात बसतात. ‘मानसधारा’ ही डे-केअर केंद्रं संस्थांमार्फत चालतात. या वाटेने जायचं तर पहिली भेट जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आणि पत्र कन्नडात. इंग्रजी पत्र चालतं, पण टेबलावरून टेबलावर सरकायला वेळ लावतं. आणि एक साधी गोष्ट. तुमची ओपीडी मंगळवारी ठेवू नका. ज्या डॉक्टरांच्या भरवशावर ती उघडायची, ते त्या दिवशी तालुक्याला असतात.

(दृश्य: फायलीतले कागद एकेक करून टेबलावर.)

कागद. संस्था कर्नाटकात नोंदलेली असेल तर बहुधा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली. कार्यकारिणीची यादी आणि हिशेब दरवर्षी निबंधकाकडे गेलेले हवेत. अनेक मंडळांचं गाडं इथेच अडतं. काम वीस वर्षांचं असतं, पण यादी शेवटची कधी भरली ते सचिवांनाही आठवत नाही. दंड भरून मागची वर्षं नीट करता येतात, पण अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.

मग स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, पॅन, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल, पीएफएमएसला, म्हणजे सरकारी निधी वाटपाच्या ऑनलाइन यंत्रणेला, जोडलेलं बँक खातं, जागेचा भाडेकरार. भाडेकरार संस्थेच्या नावावर हवा, अध्यक्षांच्या नाही.

या सगळ्यांत सर्वांत जास्त वेळ खाते ती नावातली तफावत. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत इंग्रजी नाव ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. जुन्या संस्थेच्या पॅनवर जुनं नाव, दर्पणवर नवं, बँकेत तिसरंच, आणि ‘मंडळ’ या शब्दाची इंग्रजी अक्षरं प्रत्येक कागदावर निराळी. माणसाला कळतं की संस्था एकच आहे, पण पोर्टलला ते कळत नाही. अर्जाच्या दोन महिने आधी पॅन, दर्पण, बँक आणि नोंदणीपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

दवाखाना म्हणून केपीएमईची नोंदणी लागते, म्हणजे २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून वेगळी नोंदणी लागते ती रुग्ण राहतो तिथे. निव्वळ ओपीडी त्या व्याख्येत बसत नाही. हे वाक्य प्रस्तावात स्पष्ट लिहा, नाहीतर छाननीत नेमकं तेच प्रमाणपत्र मागतात. इंजेक्शन देणार असाल तर जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगीही हवी. मानसोपचारतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक कर्नाटक वैद्यकीय परिषदेचा असावा. कोल्हापूर किंवा मिरजेहून डॉक्टर येणार असतील तर हे आधी तपासा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा क्रमांक हवा, एम.ए. मानसशास्त्र झालेली व्यक्ती समुपदेशक असू शकते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नाही.

(दृश्य: ओपीडीचं रजिस्टर. रुग्णांची नावं झाकलेली, फक्त क्रमांक आणि तारखा दिसतात.)

गरज कशी दाखवायची? बहुतेक प्रस्ताव राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा चिकटवतात, प्रौढांमध्ये १०.६ टक्के. आकडा खरा आहे. पण २०१५-१६ चं ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत कर्नाटक नाही. इथे फक्त कोलारला पूर्वचाचणी झाली. बेळगाव जिल्ह्याची गरज म्हणून हा आकडा देणं कच्चं काम आहे. त्यापेक्षा जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, परिवीक्षा अधिकारी, हिंडलगा कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी आणि तालुका हॉस्पिटल यांना पत्र देऊन मागच्या वर्षभरात किती जणांना उपचाराला पाठवलं, एवढी संख्या मागा. नावं नकोत. आकडा लहान येईल, पण तो इथला असेल.

आकडा मिळाला की क्षमता मोजायची. समजा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस, चार तास येणार. म्हणजे २४० मिनिटं. नव्या रुग्णाला ४५ मिनिटं, जुन्याला १५. दोन नवे घेतले की ९० गेली, उरलेल्या १५० मध्ये दहा जुने. म्हणजे महिन्याला एकदा येणारे चाळीस रुग्ण, त्याहून जास्त नाहीत. आणि दर आठवड्याला नवे दोन येतच राहिले, तर जुन्यांची जागा काही महिन्यांत भरते. प्रस्तावात शंभर लिहिलेत तर एकतर डॉक्टरांचे दिवस वाढवा, नाहीतर आकडा कमी करा. छाननी करणारा हा हिशेब करतो.

आता अंदाजपत्रकातून जे गळतं ते. अहवाल. चाळीस रुग्णांना दोन महिन्यांनी एक तारीख धरली, तर महिन्याला वीस अहवाल. नोंदी काढणं, मसुदा, डॉक्टरांची सही, कन्नड भाषांतर, वकिलापर्यंत पोचवणं, एकाला दीड तास सहज. महिन्याला तीस तास, जवळपास चार कामाचे दिवस. हे समुपदेशकाच्या डोक्यावर ठेवलं की समुपदेशन कमी होतं. म्हणून एक अर्धवेळ पद फक्त नोंदी आणि न्यायालयीन पत्रव्यवहारासाठी मागा आणि पात्रतेत लिहा: मराठी व कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणं आवश्यक. भाषांतराचं वेगळं शीर्षक मंजूर होईलच असं नाही. पद मंजूर होण्याची शक्यता जास्त.

(दृश्य: संमतिपत्राचे दोन कागद शेजारी, एक मराठी, एक कन्नड.)

संमती रुग्णाला समजेल त्या भाषेत घ्यावी लागते, हे २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव तालुक्यांत त्यामुळे मराठी संमतिपत्र ओघाने आलंच. त्यात एक गोष्ट सोप्या वाक्यात हवी: कोर्टाला काय कळवलं जाईल आणि काय नाही. कलम २३ गोपनीयतेचं आहे. कोर्टाचा आदेश हा त्याला अपवाद, पण आदेशात जेवढं मागितलं तेवढ्यापुरताच. रुग्ण कुठल्या तारखांना आला, उपचार चालू आहेत का, पुढची भेट कधी, बहुतेक अहवाल इथे संपायला हवेत. घरच्या भांडणात तो काय बोलला, हे अहवालात गेलं की तो पुढच्या वेळी बोलत नाही. कधीकधी येतही नाही.

‘हा आता खटल्याला उभा राहू शकतो’ असा दाखला संस्थेने देऊ नये. तो जिल्हा शल्यचिकित्सक किंवा नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा विषय. वकील मागतात, आईही हात जोडते, “मॅडम, एवढं एक लिहून द्या.” समुपदेशकाने नम्रपणे नाही म्हणायचं, आणि अर्ज कुठे करायचा ते सांगायचं.

रुग्ण तारीख चुकवतो, त्याची कारणं ठरलेली. कोण गोव्याला कामाला, कोण ऊसतोडीला, कुणाला औषधाने दिवसा झोप येते म्हणून मालकाने काढलं. कागवाडच्या माणसाला बेळगावपेक्षा मिरज जवळ पडतं, आणि कलम ३६९ ‘जवळचा’ दवाखाना म्हणतं, राज्य सांगत नाही. असे रुग्ण आपल्या आकड्यात धरू नका. एसटीचं भाडं रुग्णाच्या हातात रोख देण्याला बहुतेक योजनांत जागा नसते. घरभेटीचा प्रवासखर्च मात्र मागता येतो. दोन दिवसांत फोन, आठवड्यात घरभेट, आणि तरीही नाही आला तर वकिलाला लेखी कळवणं, हा क्रम प्रस्तावातच मांडा.

(दृश्य: बँकेचं पासबुक, खर्चाच्या पावत्यांची फाईल.)

मंजुरीपत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही. अनुदान हप्त्यांनी येतं आणि उशिरा येतं. सहा महिन्यांचे पगार स्वतःजवळ असल्याशिवाय ओपीडी उघडू नये, कारण मध्येच बंद पडली तर कोर्टाने सोपवलेल्या माणसाचे उपचार तुटतात आणि हमी मोडल्याचा ठपका आईवर येतो. केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत. पण पुढचा हप्ता त्यावर अडतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच सीएंकडे बसा. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते परत भरायचं असतं. अनुदानातून घेतलेला संगणक किंवा कपाट मंजुरीशिवाय विकता येत नाही, मालमत्ता नोंदवहीत त्याचा क्रमांक हवा.

पाहणीला येणारे आधी रजिस्टर मागतात, मग औषधांचा साठा मोजतात, मग पगारपत्रकावरची नावं आणि समोर बसलेली माणसं जुळवतात. कोर्टाच्या आदेशाच्या नकला वेगळ्या फायलीत, कुलपात ठेवा आणि दाखवताना नाव झाका. रुग्ण क्रमांक, आदेशाची तारीख, कलम, अहवाल पाठवल्याची तारीख, हे चार रकाने असलेली एक वही पाहणीला पुरते.