उभ्या गाडीचं दुखणं

(जुन्या लष्करी वाहनांच्या शौकिनांपुढे पुण्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मागच्यांना ऐकू येतंय ना? चोवीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोललोय, त्यामुळे माइक नसला तरी माझं अडत नाही.

मी ईएमईत, म्हणजे फौजेची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता फौजेच्या शक्तिमान ट्रकशी संबंध संपला. पण गेल्या काही वर्षांत तुमच्यासारखी मंडळी लिलावातून जुने ट्रक घ्यायला लागली आणि माझा फोन पुन्हा वाजायला लागला. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काका, गाडी चांगलीच होती, दहा वर्षं नुसती उभी होती." मला धडकी भरते ती या ‘नुसती’ची. दोन लाख किलोमीटर पळालेला ट्रक मी डोळे झाकून हातात घेईन. दहा वर्षं उभा असलेला मात्र डोळे फाडून बघावा लागतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो इंजिनात उतरलेला आहे. शक्तिमान मूळचा जर्मनीच्या एमएएन कंपनीचा. या नावातला ‘ए’ म्हणजे आउग्सबर्ग, जिथं रुडॉल्फ डिझेलने 1890च्या दशकात आपलं इंजिन घडवलं. परवाना घेऊन हा ट्रक जबलपूरला आधी गन कॅरेज फॅक्टरीत बनायला लागला, 1950चं दशक संपता संपता. मग 1969 मध्ये तिथेच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान, निसानचा एकटनी ट्रक आणि जोंगा जीप, तिन्ही जबलपूरचीच लेकरं. पुढे स्टॅलियन आणि टाटाचा 713 हे नवे ट्रक आले आणि शक्तिमान हळूहळू मागे पडला.

आता इंजिन. नेहमीच्या डिझेल इंजिनात नोझल तापलेल्या हवेत डिझेल फवारतं. एमएएनवाल्यांनी वेगळी युक्ती केली. पिस्टनच्या डोक्यात चेंडूच्या आकाराचा खळगा केला आणि डिझेल त्या खळग्याच्या गरम भिंतीवर मारलं. भिंतीवर पातळ थर बसतो आणि आत गरगरणारी हवा तो थर वाफ करून उचलत नेते. जळणं हळूहळू होतं, म्हणून इंजिन ठोकत नाही, आवाज मऊ येतो. इंधनाचे नखरेही कमी. पण याची एक किंमत आहे. भिंत गार असली की डिझेलची वाफच होत नाही, ते अर्धवट जळून पांढऱ्या धुराने बाहेर पडतं. सकाळी धूर दिसला की नवीन मालक घाबरतो, कोणीतरी सांगतं हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालचं सील, गेलं, आणि चांगलं बसलेलं हेड उघडलं जातं. बाबांनो, आधी दहा मिनिटं थांबा. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का बघा. होत नसेल आणि इंजिन तापल्यावर धूर विरत असेल, तर ती त्या इंजिनाची सकाळची खोड आहे.

लडाखमध्ये ही खोड फार महाग पडायची. तिथल्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर बुजतो. ड्रायव्हर लोक पहाटे इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली शेकोटी करायचे. हे मी सांगतोय म्हणून कोणी करू नका, टाकी जवळच असते. आता उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल लडाखला मिळतं, 2019 पासून. आमच्या वेळी रॉकेलचा डबा आणि देवाचं नाव, एवढंच होतं.

तर उभी गाडी. सगळ्यात आधी डिझेल बघा. अर्ध्या भरलेल्या टाकीत दिवसा हवा तापते, रात्री गार होते, पत्र्याला आतून दव धरतं. पाणी जड, ते तळाशी जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून पहिला लिटरभर माल काचेच्या बरणीत घ्या. एका शक्तिमानच्या टाकीतून मी काढला, तेव्हा खाली तीन बोटं पाणी होतं आणि वर शेवाळासारखे पदर तरंगत होते. मालक म्हणाला, वरून तर छान दिसत होतं. म्हणून सांगतो, गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. हवाच नसेल तर दव कुठे धरणार?

दुसरी गोष्ट हवेची. "एअर धरतंय" हे तर तुम्ही सगळेच म्हणता, पण ती हवा येते कुठून? टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढणीची आहे, दाबाची नाही. तिथे भोक असेल तर गाडी चालताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणजे खाली एक थेंब दिसत नाही, आणि तरी गाडी चढावर खोकत बंद पडते. अशा वेळी लाइनच्या बोल्टखालच्या तांब्याच्या वॉशरवर संशय घ्या. दाबून दाबून ते कडक झालेलं असतं. नवीन नसेल तर जुनंच चिमट्यात धरा, लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. मला हे एका उस्तादाने रस्त्याच्या कडेला, स्टोव्हवर करून दाखवलं होतं. तोच वॉशर पुढे महिनाभर टिकला. मग हँड प्रायमर, म्हणजे हाताने मारायचा छोटा पंप, मारत राहा, फिल्टरचा स्क्रू सैल करून. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग अखंड धार. धार आली की स्क्रू बंद करा आणि पुढे इंजिनाला डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाच्या स्क्रूवर जा. घाई केलीत तर बॅटरी संपते आणि हवा तिथेच राहते.

बॅटरीवरून आठवलं. फौजी ट्रकात बहुधा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 केलेले असतात. टेप लावायचा म्हणून एकाच बॅटरीवरून 12 काढू नका. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही जातात. पुढे.

आता जरा लक्ष देऊन ऐका. पेट्रोल गाडीचा स्पार्क बंद केला की ती बंद होते. डिझेलला स्पार्कच नाही. डिझेल मिळतंय आणि हवा मिळतेय तोवर ते पळणार. किती डिझेल द्यायचं ते पंपातला एक दातेरी दांडा ठरवतो, त्याला आम्ही रॅक म्हणतो. इंजिन बंद असताना गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग तो रॅक बंदच्या बाजूला नव्हे, पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. म्हणजे जुनं डिझेल सुकून चिकट झालं, तर रॅक कुठे अडकून बसला असणार? पूर्ण उघडा.

एका शेतावर मी स्वतः ही चूक पाहिली, आणि केलीही, कारण तपासायचं काम माझं होतं. आठ वर्षं उभा ट्रक. बॅटरी नवी, हवा काढलेली, सेल मारला. दुसऱ्या झटक्यात चालू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आवाज चढत गेला, चढतच गेला. स्टॉपची तार ओढली, तार ढिम्म हलेना. पोरं पळाली. मी एअर क्लीनरची नळी उपटली आणि तोंडावर बोनेटवरची फळी दाबून धरली. इंजिन दोन आचके देऊन मेलं. फळीऐवजी तळहात लावला असता तर आज तुमच्यासमोर दोन हातांनी बोललो नसतो, ती ओढ तेवढी असते. पंप उघडला तर एक प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, गंजून जागीच धरला होता. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमध्ये फट असते दोन-चार मायक्रॉनची. तिथे पाण्याचा एक डागही पुरतो.

म्हणून पंपाची बाजूची झाकणी उघडून रॅक बोटाने मागेपुढे हलवल्याशिवाय उभी गाडी चालू करायची नाही. लोण्यासारखा सरकला पाहिजे.

सुट्या भागांचं फार मनावर घेऊ नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑइल सील मापावर मिळतं. नाना पेठेत फिरा, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. पंपाचे एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या जोड्या, मात्र बाजारातून उचलू नका, ते पंपवाल्याकडेच जाऊ द्यात.

फौजेत गाडीची तीन वेळा परेड होते: निघताना, मध्ये थांबल्यावर आणि परतल्यावर. लोकांना पहिली महत्त्वाची वाटते. मी शेवटचीला मानतो, कारण गाडी रात्रभर उभी राहणार असते. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी सोडा, चाकाचं हब हाताला किती गरम लागतं बघा, डिझेल भरा, मग जेवायला जा.

बरं, खाली आवारात गाडी आणलीय. मालक चावी माझ्या हातात द्यायला निघालेत, ती राहू द्या तुमच्याच खिशात. आधी झाकणी उघडायला एकजण दहाचा पाना घ्या. आणि दुसरा कोणीतरी, एअर क्लीनरजवळ, फळी घेऊन उभा राहा.